वेढ्यातलं शहर, एक मैफल आणि दहा वर्षांची मुलगी: युद्धकाळातल्या संगीतावर मुलांसाठी कथा लिहिताना

दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झाली की मुलांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक कथा माझ्याकडे वाचायला येतात. त्यात युद्ध आणि संगीत एकत्र आणणारी एखादी कथा हमखास असते, आणि ती बहुतेक वेळा एकाच ठिकाणी फसते. लेखकाला आधी मैफल दिसलेली असते. बाहेर तोफा, आत व्हायोलिन, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी. मग त्या मैफलीत बसवायला एक मूल शोधलं जातं. ते मूल पहिल्या पानापासून मैफलीची वाट बघत उभं असतं. त्याला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही, त्याचे बूटही कधी ओले होत नाहीत.

हा क्रम उलटा करायचा आहे. खाली त्याचे टप्पे दिले आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने लेनिनग्राड या रशियन शहराला घातलेला वेढा आणि तिथे ९ ऑगस्ट १९४२ रोजी वाजलेली रशियन संगीतकार शोस्ताकोविच यांची सातवी सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची दीर्घ रचना. तुमची कथा दुसऱ्या शहरातली असली तरी टप्पे याच क्रमाने घ्या.

टप्पा १: तारखांचा कागद भिंतीवर लावा

कथेचं एक वाक्यही लिहिण्याआधी हा कागद तयार हवा. लेनिनग्राडसाठी तो साधारण असा होईल:

- ८ सप्टेंबर १९४१: जमिनीवरचे रस्ते तुटले, वेढा पूर्ण झाला. त्याच दिवशी बदायेव गोदामांवर बॉम्ब पडले आणि तिथला धान्य-साखरेचा साठा जळाला.
- २० नोव्हेंबर १९४१: पावाचं रेशन सर्वांत खाली आलं. कामगारांना दिवसाला २५० ग्रॅम, बाकीच्यांना आणि मुलांना १२५ ग्रॅम.
- नोव्हेंबर १९४१ची अखेर: गोठलेल्या लादोगा तलावावरून ट्रक येऊ लागले.
- २५ डिसेंबर १९४१: रेशन थोडं वाढलं. कामगारांना ३५०, इतरांना २०० ग्रॅम.
- ३० मार्च १९४२: रेडिओच्या ऑर्केस्ट्राची पुन्हा पहिली तालीम.
- १५ एप्रिल १९४२: हिवाळाभर बंद पडलेल्या ट्राम पुन्हा धावू लागल्या.
- ९ ऑगस्ट १९४२: मैफल.
- १८ जानेवारी १९४३: वेढ्याला पहिली खिंड पडली.
- २७ जानेवारी १९४४: वेढा पूर्ण उठला.

आता शेवटच्या तीन ओळी पुन्हा वाचा. मैफल झाली आणि वेढा उठायला आणखी जवळजवळ साडेसतरा महिने लागले. 'त्या सुरांनी युद्ध जिंकलं' अशा वाक्यावर कथा संपवण्याचा बेत असेल तर तो इथेच सोडा.

कागदावर तारखेशेजारी ऋतू लिहायला विसरू नका. एका कथेत सिम्फनीच्या लिखित सुरांची हाताने नक्कल करणाऱ्या म्हाताऱ्याची शाई गोठत होती. प्रसंग सुंदर लिहिला होता, पण सिम्फनीची संहिता, म्हणजे लिहिलेले सूर, विमानाने शहरात आली ती उन्हाळ्यात. त्या दिवसांत लेनिनग्राडमध्ये रात्रीसुद्धा नीट अंधार पडत नाही. शाई गोठायची ती डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा नक्कल करायला काही नव्हतं.

सावध: ९ ऑगस्ट १९४२ या तारखेला मराठी लेखकाचा हात थबकतो. त्याच दिवशी मुंबईत गवालिया टँक मैदानावर अरुणा असफ अली यांनी तिरंगा फडकवला होता. योगायोग खरा आहे, पण लेनिनग्राडमधल्या मुलीला त्याची गंधवार्ता नाही. तो कथेत आणू नका. मनोगतात एका ओळीत सांगा, मुलांना तो आवडेल.

टप्पा २: पाव तोला

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. बहुतेक जण सगळ्यांत कमी वेळ देतात तोही इथेच.

स्वयंपाकघरातला काटा घ्या. ज्वारीची भाकरी थापा, किंवा घट्ट काळा पाव मिळाला तर तो आणा, आणि १२५ ग्रॅमचा तुकडा कापा. ताटात ठेवा. हे दिवसाचं जेवण आहे. सकाळचं नाही, सगळ्या दिवसाचं. सोबत मिळालंच तर गरम पाणी. पाकिटातला पांढरा पाव तोलून फसू नका. तो हलका असतो, तेवढ्याच वजनात पुष्कळ दिसतो. वेढ्यातला पाव ओला आणि जड होता, कारण पीठ पुरत नव्हतं म्हणून त्यात लाकडापासून केलेला सेल्युलोज आणि सरकीची पेंड मिसळत. पेंड म्हणजे काय हे आपल्याकडे गोठा पाहिलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. गुरांपुढे ठेवतात ती पेंड माणसांच्या पावात होती, एवढं एक वाक्य पुरतं.

आता त्या तुकड्याचे तीन भाग करा, सकाळ, दुपार, संध्याकाळ. तुमची नायिका हे रोज करते. आपण तिला नाद्या म्हणू. ती कधी एकदम खाऊन टाकते का? दुपारचा भाग उशीखाली ठेवते का? आई आपल्यातला तुकडा तिच्याकडे सरकवते तेव्हा ती तो घेते की परत ढकलते? तिचा स्वभाव तुम्हाला इथेच कळेल. 'नाद्या शूर आणि प्रेमळ मुलगी होती' हे वाक्य मग लिहावं लागणार नाही.

रेशनकार्ड महिन्याचं असे. ते हरवलं तर दुसरं मिळणं जवळपास अशक्य, आणि महिन्याच्या सुरुवातीला हरवलं तर घरावर मरणाचं सावट. कथेला ताण हवा म्हणून गुप्तहेर, चोरवाटा, सापडलेला जर्मन सैनिक असं काही आणावंसं वाटतं तेव्हा या कार्डाकडे बघा. दहा वर्षांची मुलगी अंधारात रांगेत उभी आहे, कार्ड हातमोज्याच्या आत आहे आणि बोटं बधिर झाल्याने ते आत आहे की नाही हेच तिला कळत नाही. यापेक्षा जास्त ताण वाचक मुलाला लागत नाही.

हे सगळं आधी का? कारण या कथेत संगीत शरीरातून निघतं. फुंकून वाजवायच्या वाद्याला दम लागतो आणि दम अन्नातून येतो. मार्चच्या तालमीला वाजवू शकतील असे वादक जेमतेम पंधरा होते, आणि ती तालीमही थोड्याच वेळात थांबवावी लागली. वादकांच्या अंगात फुंकायला आणि हात उचलून धरायला त्राणच नव्हतं. भूक वाचकाच्या पोटात आधी उतरली नसेल, तर तालीम थांबली हे वाक्य त्याला नुसती माहिती वाटेल.

मला हे एका पाचवीतल्या मुलाने शिकवलं. अशीच एक कथा वर्गात वाचून दाखवत होतो. मैफलीचं वर्णन ऐन रंगात आलं असताना त्याने हात वर केला. "सर, पण त्या दिवशी ती काय जेवली?" लेखकाने लिहिलंच नव्हतं. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

तपासणी: हस्तलिखितातलं कुठलंही पान उघडा. नाद्याने शेवटचं कधी आणि काय खाल्लं हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा ३: मुलीला काम द्या

मैफल 'ऐकणारी' मुलगी कथा पुढे नेत नाही. तिच्या हातात काहीतरी हवं, आणि ते तिच्या वयाला झेपणारं व त्या काळाला धरून हवं. नळ गोठल्यावर लोक नेवा नदीवरच्या बर्फाला भोकं पाडून पाणी काढत. मुलांच्या खेळातल्या घसरगाडीवर बादली ठेवून ते घरी आणत. नाद्या हे काम करू शकते. पुस्तकं आणि खुर्च्या फोडून लहानशा लोखंडी शेगडीत जाळणं, जिन्यावरच्या आजारी शेजारणीचा पाव आणून देणं हेही तिचं काम.

आता तिचा ऑर्केस्ट्राशी धागा जोडा, पण वादक म्हणून नको. दहा वर्षांची मुलगी सातव्या सिम्फनीत वाजवू लागली की कथा परीकथा होते. शेजारीण ओबो, म्हणजे सनईसारखं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवते असं धरा. नाद्या तिला मावशी म्हणते. तिला पाणी कोण आणून देतं? तालमीला जाताना तिचं वाद्य कोण उचलतं? उन्हाळ्यात संहिता आली तेव्हा प्रत्येक वाद्यासाठी वेगळी प्रत हाताने लिहावी लागली. कागदावर पाच-पाच रेघा आखून द्यायचं काम मुलगी सहज करेल. पट्टी, पेन्सिल, शंभरावा कागद. सुरांच्या आधी तिने या रेघा आखलेल्या असल्या की सभागृहात तो कागद वादकाच्या पुढ्यात दिसताच वाचकालाही त्याची ओळख पटते.

सावध: मैफलीत एका लहान मुलीने वाद्यवृंद-संचालक कार्ल एलियासबर्ग यांना फुलांचा गुच्छ दिला होता. हे खरं घडलेलं आहे. नायिकेला तीच मुलगी करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. ती खरी व्यक्ती होती आणि तो क्षण तिचा आहे. नाद्या सभागृहाच्या मागच्या भिंतीशी उभी राहून ती फुलं बघू दे. या शहरात फुलं कुठून आली, असं तिला वाटू दे.

टप्पा ४: कान तयार करा

संगीताआधी आवाज लिहा. लेनिनग्राडमधल्या घराघरांत भिंतीवर काळ्या कागदाची ताटलीसारखी रेडिओची तबकडी असे. कार्यक्रम नसेल तेव्हा त्यातून मेट्रोनोमची, म्हणजे लय मोजणाऱ्या यंत्राची, टिकटिक ऐकू येई. संथ टिकटिक म्हणजे धोका नाही, जलद म्हणजे विमानं आली, तळघरात पळा. शहर जिवंत आहे हेही त्या टिकटिकीवरूनच कळायचं.

या एका गोष्टीवर अख्खी कथा उभी राहते. नाद्याचा कान आधी या टिकटिकीने घडतो. झोपेतसुद्धा तिला लय बदललेली कळते. पुढे सिम्फनीच्या पहिल्या भागात छोटा ड्रम अगदी हलक्या आवाजात एकच ठेका धरतो, एक साधी धून त्यावर पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी मोठी होत जाते. तेव्हा त्या मुलीचं अंग आपोआप ताठ होईल. ती तळघराचा दरवाजा शोधेल. शोस्ताकोविचच्या सुरांचं विश्लेषण न करताही मुलांना ते संगीत कळण्याची ही वाट आहे.

लिहिताना टेबलावर बोटांनी टिकटिक करा. आधी संथ, मग जलद. जलद लयीच्या प्रसंगात वाक्यं तोडा. संथ लयीत त्यांना लांबू द्या. मोठ्याने वाचल्याशिवाय हे जमलं की नाही ते कळत नाही.

नेहमीची चूक: 'स्वर्गीय सूर', 'काळजाला भिडणारं संगीत', 'सुरांची बरसात'. असले शब्द दिसले की लाल पेन घ्या. सूर कुठल्या वाद्यातून आला, वाजवणाऱ्याचं शरीर काय करत होतं आणि ऐकणाऱ्याचं काय झालं, एवढंच ठेवा.

टप्पा ५: 'आशा' हा शब्द काढून टाका

नाद्या हे नादेझ्दा या नावाचं लाडकं रूप. रशियनमध्ये नादेझ्दा म्हणजेच आशा, आणि मराठी कानाला त्यात नादही ऐकू येतो. वाचकाला हे समजावून सांगू नका. नाव ठेवा आणि गप्प राहा.

आता हस्तलिखितात आशा, उमेद, किरण, प्रकाश हे शब्द शोधा. प्रत्येकाच्या जागी एखादी कृती घाला, आणि ती कृती कुणाला तरी महाग पडलेली हवी. हे बघा:

*आधीचं:* 'मावशींच्या ओबोचे सूर ऐकून नाद्याच्या मनात आशेचा किरण चमकला.'

*नंतरचं:* 'मावशींनी ओबो ओठांना लावला. तीन सूर निघाले, चौथ्याला नुसती हवा. त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं. खिशातून पावाचा तुकडा काढला, नखाएवढा तोडून जिभेवर ठेवला आणि तो विरघळेपर्यंत बसून राहिल्या. मग पुन्हा चौथ्या सुरापासून सुरुवात केली.'

दुसऱ्या उताऱ्यात आशा कुठे आहे ते मुलं बरोबर दाखवतात. त्या नखाएवढ्या तुकड्याची किंमत टप्पा २ मध्ये ठरलेली आहे, म्हणून तर तो उतारा चालतो.

टप्पा ६: नाती, नावं, उपमा

थोडक्यात सांगतो, पण इथल्या चुका वाचकाला लगेच खटकतात.

रशियन मूल आईला 'मामा' म्हणतं. मराठीत तसंच ठेवलं तर वाचक आईच्या भावाला शोधत बसेल. सरळ आई लिहा, बाबुश्काची आजी करा. शेजारीण ही मावशी किंवा काकू. मोठ्या माणसाला रशियन लोक आदराने नाव आणि वडिलांच्या नावावरून आलेलं नाव जोडून हाक मारतात. वादक एलियासबर्गना 'कार्ल इल्यीच' म्हणतील आणि मराठीत अहो-जाहो करतील. 'कार्ल, तू थकलास' असं तालमीत कुणी म्हणणार नाही. शहराचं नाव कथाभर लेनिनग्राडच. सेंट पीटर्सबर्ग हे जुनं नाव परत आलं ते १९९१ मध्ये.

उपमा नाद्याच्या जगातल्या हव्यात. त्या छोट्या ड्रमच्या आवाजाला आपल्या मुलांच्या ओळखीचा सगळ्यांत जवळचा आवाज म्हणजे ताशा. पण नाद्याने ताशा ऐकलेला नाही. तिला तो आवाज मेट्रोनोमसारखा वाटेल, किंवा बर्फावर पत्र्याची बादली आपटावी तसा. उणे ३० अंशांची थंडी सांगतानाही 'महाबळेश्वरपेक्षा कितीतरी जास्त' असं निवेदकाने म्हणू नये. पापण्यांवर बर्फ जमतं आणि लोखंडी कडीला उघडा हात लावला तर कातडी चिकटते, असं सांगा.

टप्पा ७: मरण किती दाखवायचं

या वेढ्यात भूक हे शस्त्र म्हणून वापरलं गेलं. हिटलरला शहराची शरणागती नको होती, लोक उपाशी मरायला हवे होते. किती मेले याचे अंदाज दहा लाखांच्या आसपास जातात. हे लपवून लिहिलेली कथा खोटी ठरते. सगळं सांगणारी कथा नऊ-दहा वर्षांचं मूल मिटून ठेवतं.

मी असं करायला सांगतो. मरण एकच दाखवा, ओळखीच्या माणसाचं आणि पडद्याआड. ते एखाद्या वस्तूतून कळू द्या. पाणी आणायच्या घसरगाडीवर आज बादली नाही, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आहे आणि आई म्हणते, आज पाण्याला मी जाते. मुलाला कळायचं ते कळतं. आणखी लहान मूल पुढे सरकतं आणि मोठं झाल्यावर त्या पानाकडे परत येतं.

ओबोवादक क्सेनिया मातुस यांनी सांगितलेली एक आठवण आहे. त्यांनी वाद्य दुरुस्तीला नेलं, तर कारागिराने मोबदला म्हणून पैसे मागितले नाहीत, मांजर मागितलं. ही आठवण तुम्हाला वापरावीशी वाटेल. वापरा, पण संवादाच्या दोन ओळींत, आणि पुढे एक शब्दही स्पष्टीकरण नको. मांजर कशाला ते समजावू लागलात की करुणा संपते आणि किळस सुरू होते.

तपासणी: शत्रूसाठी 'राक्षस', 'क्रूरकर्मा' असे शब्द आलेत का? काढा. नाद्याने एकही जर्मन सैनिक जवळून पाहिलेला नाही. तिच्यासाठी शत्रू म्हणजे टिकटिकीची लय आणि काट्यावरचे १२५ ग्रॅम.

टप्पा ८: आता मैफल लिहा

हो, आत्ता. याआधी लिहिली असेल तर बाजूला ठेवून नव्याने लिहा.

जागा: फिलहार्मोनिया या शहरातल्या संगीतसंस्थेचं मोठं सभागृह. रेडिओचे जे वादक उरले होते ते आणि लष्करी बँडमधून आणलेले वादक एकत्र बसले आहेत. सिम्फनी सव्वा तासाहून थोडी जास्त. रेडिओवरून आणि भोंग्यांवरून ती शहरभर ऐकवली गेली, जर्मन खंदकांपर्यंतही पोचवली गेली. मैफलीच्या वेळात शहरावर तोफगोळे पडू नयेत म्हणून सोव्हिएत जनरल गोवोरोव्ह यांच्या तोफखान्याने जर्मन ठाण्यांवर आधीच मारा केला होता.

हे शेवटचं वाक्य बरेच लेखक गाळतात, कारण 'शांततेचं संगीत' या कल्पनेला ते टोचतं. गाळू नका. सभागृहातली शांतता तोफांनी मिळवलेली होती. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला हे पेलतं, आणि त्यावरच तो सर्वांत चांगले प्रश्न विचारतो. नाद्याला त्या तोफा ऐकू येऊ देत. त्या आपल्या की त्यांच्या, हे तिला कळत नाही.

मैफलीला दोन पानांपेक्षा जास्त देऊ नका. सगळी सिम्फनी वाजवू नका. पहिल्या भागातला ठेका, मधे मावशींचा चौथा सूर लागतो की नाही तो क्षण आणि शेवट. टाळ्यांचं वर्णन एका ओळीत.

टप्पा ९: दुसऱ्या दिवशीची सकाळ

कथा सभागृहात संपवू नका. १० ऑगस्टला नाद्या उठते. कार्ड काढते. रांगेत उभी राहते. त्या उन्हाळ्यात शहरातल्या चौकाचौकांत भाजी लावलेली होती, सेंट आयझॅक कथीड्रलसमोर कोबीचे वाफे होते. तिला तिथे पाणी घालायला पाठवा, किंवा मावशींच्या ओबोची पेटी कपाटावर ठेवायला. वेढा अजून उठायचा आहे, आणि हे वाचकाला तुमच्या वाक्यातून कळलं पाहिजे, तळटीपेतून नव्हे.

मग एका पानाचं मनोगत. काय खरं आणि काय रचलेलं ते सरळ सांगा: एलियासबर्ग, मैफल, तारखा, रेशनचे आकडे, मेट्रोनोम खरे. नाद्या, तिची आई, घसरगाडीचा प्रसंग रचलेला. मुलांना ही वाटणी कळायला हवी असते आणि ती त्यांच्यापासून लपवणं बरं नाही.

टप्पा १०: मुलांसमोर वाचा

छापायला देण्याआधी सात-आठ मुलांना बसवा आणि पूर्ण वाचा. हातात पेन्सिल ठेवा. मुलं चुळबुळतात तिथे समासात रेघ मारा, श्वास रोखतात तिथे टिंब. वाचून झाल्यावर 'कशी वाटली' असं विचारू नका, ती चांगलीच म्हणतात. गप्प बसा आणि पहिला प्रश्न कोण आणि काय विचारतं ते लिहून घ्या. प्रश्न मैफलीबद्दल असेल तर टप्पा २ पुन्हा काढा. मावशींच्या पावाबद्दल किंवा घसरगाडीबद्दल असेल तर हस्तलिखित पाठवून द्या.